दुखण्याचं नाव

रविवारी भट्टी बंद असायची, त्यामुळे या घरातली सगळी भांडणं रविवारी होत. आजोबांनी बेकरी घातली तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं. आठवड्याचे बाकीचे दिवस पीठ मळण्यात, पाव भाजण्यात आणि गिऱ्हाईक सांभाळण्यात जायचे. तोंड उघडायला सवड मिळायची ती रविवारी दुपारी. धाकट्याला कॉलेजात घालायचं ठरलं ते याच मळणीच्या टेबलाभोवती. काकांनी वेगळं व्हायची घोषणा केली आणि चहा संपायच्या आत मागे घेतली, तीही इथेच. आणि जायच्या आधी काही महिने वडिलांनी "माझ्यामागे कारभार थोरलीचा" असं सांगितलं, तेव्हाही सगळे याच फळीवर कोपरं टेकून बसले होते.

आज थोरली सगळ्यांत शेवटी खाली आली. तिला बघताच बोलणं थांबलं. टेबलाभोवती नेहमीची स्टुलं होती, पण तिच्यासाठी वरच्या मजल्यावरून हातांची खुर्ची आणून ठेवली होती, गादीसकट, जरा बाजूला. आजाऱ्याला बसवतात तशी. थोरलीने ती खुर्ची पाहिली, कोपऱ्यातलं एक स्टूल पायाने ओढलं आणि काकांच्या शेजारी बसली.

"चला," ती म्हणाली. "माझ्याबद्दलच चाललंय ना? मग मलाही ऐकू दे."

तिचा पाय आज बरा होता. काल नव्हता. काल सकाळपासून ती भट्टीपाशी उभी होती, कारण काकांचा मदतनीस आला नव्हता आणि रिसेप्शनच्या केकबरोबर हॉटेलच्या पावाची ऑर्डरही त्याच दिवशी द्यायची होती. उष्णता तिला सोसत नाही, हे तिला ठाऊक होतं. अंग तापलं की डाव्या पायातली ताकद कुणी काढून घेतल्यासारखी जाते आणि डोळ्यांपुढे धुकं येतं. गार झालं की हळूहळू सगळं जागेवर येतं. पण काल गार व्हायला वेळच मिळाला नाही. ती तशीच गाडीत बसली, हॉटेलच्या हॉलमध्ये शिरली आणि केकचा वरचा मजला हातात घेऊन नवरा-नवरीच्या टेबलाकडे निघाली. पाय गालिच्याला घासला. पुढे काय झालं ते शेकडो पाहुण्यांनी पाहिलं. क्रीम नवरीच्या बुटांपर्यंत उडालं. आणि ती उठायला बघत असताना, पाय ऐकत नसताना, मागून एका बाईचा आवाज आला, "दिवसाढवळ्या पिऊन आलीय बघा."

पडल्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. ते वाक्य मात्र रात्रभर टोचत राहिलं.

"हॉटेलचा मॅनेजर येतोय," धाकटा म्हणाला. घरातल्या घरातही त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकान, गिऱ्हाइकं, हॉटेलांच्या ऑर्डरी हे सगळं तो बघायचा आणि मळलेल्या पिठाला गेल्या कित्येक वर्षांत त्याचा हात लागला नव्हता. "थोड्या वेळात येईलच. त्याच्यापुढे आपण सगळ्यांनी एकच बोललं पाहिजे, ताई."

"काय बोलायचं?"

धाकट्याने काकांकडे पाहिलं. काकांनी छपराकडे पाहिलं. काकांनीच तिला भट्टीवर उभं राहायला शिकवलं होतं. पाव झाला की नाही ते वासावरून ओळखायला शिकवलं होतं. घरात कुणी तिच्या विरोधात गेलं तर काका तिच्या बाजूला, हे ती धरूनच चालली होती.

"हे बघ पोरी," काका म्हणाले, "त्या लोकांना वाटतंय की तू घेतली होतीस. वाटू दे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे, कुणा मैत्रिणीकडे कार्यक्रम होता, थोडी झाली, चूक झाली, असं म्हणायचं. माफी मागायची. चार महिन्यांत विसरतात लोक."

थोरलीला आधी वाटलं काका गंमत करताहेत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं की नाही.

"काका, मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तुम्हीच मला चिडवता त्यावरून."

"मला माहीत आहे गं! पण पिणं सुटतं. सुटलं म्हणून सांगता येतं. हे सुटत नाही." त्यांनी भट्टीकडे हात केला. "आणि आपला धंदा खाण्याचा आहे. आजारी माणसाच्या हातचं कोण खाईल? उद्या कुणी उठवलं की बेकरीतल्या बाईला मेंदूचा रोग आहे, तर तो लागतो की नाही हे विचारायलाही कुणी थांबणार नाही. समोरचं दुकान गाठतील."

"आणि माझं काय?"

"तू काही दिवस वर राहा," धाकटा घाईघाईने म्हणाला. "आराम कर. मॅनेजरला मी सांगतो की तू धंद्यातून बाजूला झालीस. नावापुरतं गं. आम्ही सगळ्यांनी विचार करूनच ठरवलंय. आई, मी, काका, हीसुद्धा..."

"मी कधी म्हटलं?"

हा आवाज धाकट्याच्या बायकोचा. शाळेत गणित शिकवायची, म्हणून घरात तिचं नाव मास्तरीण पडलं होतं. थोरलीचं आणि तिचं फारसं कधी जमलं नाही. दुकानाची नवी पाटी कुठल्या रंगाची असावी यावरून दोघी एक अख्खा उन्हाळा बोलत नव्हत्या. मास्तरीण उत्तरपत्रिका तपासत टेबलाच्या टोकाला बसली होती आणि तिने मान अजूनही वर केली नव्हती.

"काल तू मानेने हो म्हणालीस," धाकटा म्हणाला.

"मी झोपेत होते. झोपेत मी कशालाही हो म्हणते, म्हणून तर आपलं लग्न झालं." तिने लाल पेन ठेवलं. "ताई, स्पष्ट बोलू?"

"तू कधी अस्पष्ट बोललीस?"

"तुमच्या आजाराची मला अडचण नाही. खोटं बोलायची आहे. तीन वर्षं मी सांगत फिरतेय की ताईंची कंबर धरलीय. शेजारणीला कंबर, शाळेत कंबर, माझ्या माहेरीही कंबर. माझ्या आईने तीन प्रकारची तेलं पाठवली, ती वरच्या कपाटात पडून आहेत. आणि लोक मूर्ख नाहीत. कंबर धरलेलं माणूस सकाळी नीट आणि दुपारी झोकांड्या देत चालत नाही. मग ते आपापलं उत्तर काढतात. आमच्या मुलीला वर्गात एकीने विचारलं, तुझी आत्या पिते का गं? आमच्या पोरीने तिला फटका दिला. मला मुख्याध्यापिकेपुढे उभं राहावं लागलं, माझ्याच शाळेत!"

"हे मला कुणी सांगितलं नाही," थोरली म्हणाली.

"तुम्हाला कुणीच काही सांगत नाही. तुम्हाला जपतात ना सगळे."

इतका वेळ आई पावाचे रिकामे ट्रे पुसत होती. पुसलेले ट्रे पुन्हा पुसत होती. कंबरेची गोष्ट तिनेच काढली होती. ज्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूचे फोटो भिंतीवरच्या दिव्यावर लावून 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हे नाव सांगितलं, त्याच दिवशी परत येताना गाडीत ती म्हणाली होती, "विचारलं कुणी तर कंबर म्हणायचं." आणि थोरली त्या वेळी इतकी थकली होती, की तिला ते सोपं वाटलं.

"आई, तू बोल ना काहीतरी."

"मी काय बोलू?" आई म्हणाली. "तू गल्लीतून जायला लागलीस की बायका मान वळवून तुझ्या पायांकडे बघतील. पुढ्यात येऊन च्यक् च्यक् करतील. मला ते बघवायचं नाही."

"मला बघवेल. कीव केली तर करू देत, मी झेलीन. पण दारुडी म्हणतात ते नाही झेलता येत गं."

आईचा हात ट्रेवर थांबला.

"आता मी ठरवलंय ते ऐका," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला ऑर्डर वाचून दाखवताना यायचा तसा सरळ, स्वच्छ येत होता. "काकांचं एक बरोबर आहे. हे सुटणार नाही. औषधाने काबूत राहतं, अधूनमधून उसळी मारतं, पुढे काय होईल ते डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. म्हणून मी भट्टी सोडतेय."

काका दचकले. "सोडतेस?"

"भट्टी सोडतेय, बेकरी नाही. उष्णतेत मी उभी राहणार नाही आणि केक उचलून नेणार नाही. मागच्या थंड खोलीत क्रीम, चॉकलेट, सजावट, सगळं मी बसून करीन. तिथे माझा हात आजही इथल्या कुणाहीपेक्षा स्थिर आहे, वाटल्यास परीक्षा घ्या. आणि कारभार माझा. ऑर्डर काय घ्यायची, कुणाला ठेवायचं, पीठ कुठून आणायचं, ते मी ठरवणार. बाबांनी कारभार माझ्या पायांना दिला नव्हता."

"आणि भट्टी?" धाकट्याने विचारलं.

थोरलीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"मी?" धाकटा उभाच राहिला. "भट्टीवर? अगं, मला पाव उलटायचा कसा ते आठवत नाही!"

"काका आहेत की. त्यांनी मला शिकवलं तेव्हा मीही ढच होते."

मास्तरीण हसली. तोंडावर हात धरून हसली, पण सगळ्यांना दिसेल अशी. "शर्ट मात्र बदलावा लागेल," ती म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या शटरवर टकटक झाली.

मॅनेजर पन्नाशीचा, नेटका, बोलण्याआधी घसा साफ करणारा गृहस्थ होता. मळणीच्या टेबलाशी बसायची त्याला सवय नसावी. पँटला पीठ लागेल म्हणून तो स्टुलाच्या कडेवर टेकला. थोरलीला बघून तो चपापला. त्याला ती तिथे अपेक्षित नव्हती.

"कालच्या प्रकाराबद्दल..." त्याने सुरुवात केली.

"आम्ही विचार केलाय," धाकटा मधेच म्हणाला. "माझी बहीण आता..."

"मी सांगते," थोरली म्हणाली. धाकटा थांबला. त्याला थांबायचंच होतं, असं तिला वाटून गेलं.

"साहेब, काल मी पडले ती प्यायले होते म्हणून नाही. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदूतून पायाला निघालेला निरोप वाटेत अडखळतो. विजेच्या तारेवरचं आवरण झिजलं की दिवा लुकलुकतो ना, तसं काहीसं. उष्णतेने, थकव्याने वाढतं. काल मी दोन्ही अंगावर घेतली आणि वर तो केकही उचलला. तो मी उचलायला नको होता. ती चूक माझी."

काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. मॅनेजरने घसा साफ केला. मग पुन्हा केला.

"विचारू का एक? राग मानू नका. हे... म्हणजे... लागतं का?"

"नाही. हात लावून नाही, खाण्यातून नाही, एका ताटात जेवूनही नाही. या घरात सगळे माझ्या हातचं जन्मभर खात आलेत. बघा, वजनाशिवाय कुणाचं काही वाढलेलं नाही."

मॅनेजरला हसू आलं, ते त्याने रुमालात लपवलं. मग तो जरा ओशाळून म्हणाला, "मॅडम, खरं सांगायचं तर एक घोळ झालाय. नवरीच्या आईने काल माझं डोकं खाल्लं. मी त्यांना सांगून बसलो, की तुम्हाला कामावरून काढून टाकलंय."

"माझ्याच बेकरीतून?"

"त्या वेळी मला सुचलं नाही दुसरं."

"नंबर आहे त्यांचा? लावा फोन. आत्ता."

"ताई, हे जरा जास्त होतंय," धाकटा पुटपुटला.

"लावा," मास्तरीण म्हणाली. वर्गात बोलतात त्या आवाजात. मॅनेजरने मुकाट्याने फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

पलीकडचा आवाज बर्फासारखा होता. थोरलीने आपण कोण ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं. लेकीच्या मोठ्या दिवशी असं घडलं याबद्दल माफी मागितली. पडल्याची माफी मागितली, आजाराची नाही. हा फरक तिने जपून केला, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या तो लक्षात आला.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," ती बाई म्हणाली.

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला केक करायला दिला असता?"

"खरं सांगू? नसता दिला."

"तुम्ही खरं बोललात, बरं वाटलं," थोरली म्हणाली.

"पण खालचे मजले संपले हं," ती बाई जरा अडखळत म्हणाली. "पाहुण्यांनी बोटं चाटली. माझ्या विहीणबाई विचारत होत्या, कुठून आणला म्हणून. मी सांगितलं नाही त्यांना. रागात होते." आणि मग, आवाज एकदम खाली आणून, "ते पिण्याचं... मीच म्हणाले होते ते. मोठ्याने म्हणाले."

रात्रभर टोचणारा तो आवाज थोरलीने ओळखला नव्हता. फोनवर तो इतका साधा, इतका थकलेला होता.

"आता नका म्हणू," ती म्हणाली. "आणि विहीणबाईंना पत्ता द्या."

फोन बंद झाला. मॅनेजर उठला, पँट झटकली. "मला वर विचारावं लागेल," तो म्हणाला. "पाव चालू राहील, त्याची हमी मी देतो. समारंभाच्या केकचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही. लोकांचं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. "विचारा. पण आता विचारताना खरंच सांगा."

दारापाशी जाऊन तो धाकट्याकडे वळला. "पुढच्या ऑर्डरीसाठी फोन कुणाला करायचा? तुम्हालाच ना?"

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. इस्त्रीच्या शर्टाची बाही त्याने कोपरापर्यंत दुमडली.

"ताईला," तो म्हणाला. "मी भट्टीवर असेन."

काका मात्र मागच्या दाराने निघून गेले. संध्याकाळी जेवायला आले नाहीत. थोरलीने वाट पाहिली, पण मनधरणी केली नाही. काकांचा राग फुगलेल्या कणकेसारखा असतो. तसाच राहू दिला की आपोआप खाली बसतो, असं वडील म्हणायचे. या वेळी तो बसायला आठवडा लागला, आणि तरी पुरता बसला नाही. धाकट्याला भट्टी शिकवताना ते येताजाता ओरडत, "तुझ्या बहिणीला हे एका दिवसात आलं होतं!" आणि हे थंड खोलीपर्यंत ऐकू जाईल याची काळजी घेत.

हॉटेलने पाव ठेवला आणि केक दुसरीकडे दिले. नेहमीची काही गिऱ्हाइकं यायची बंद झाली; त्यांतली एक बाई समोरच्या दुकानातून पाव घेऊन जाताना पदराआड पिशवी लपवायची, ते बघून मास्तरीण मुद्दाम हात हलवून "बरंय ना?" विचारायची. थोरलीने खर्चाचा ताळमेळ नव्याने बसवला, एका मदतनिसाला कायम केलं आणि केक पोचवायला त्यालाच धाडायला लागली. थकली की ती थंड खोलीतल्या बाकावर आडवी व्हायची. दार बंद न करता. कुणी डोकावलं तर म्हणायची, "थकलेय. अर्ध्या तासाने ये." आधी ज्या वाक्याची लाज वाटायची, तेच आता तोंडात बसलं होतं.

आई गल्ल्यावर बसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. धाकटा आत गेल्यावर जागा रिकामी झाली, ती जाऊन बसली.

एका सकाळी थोरली काचेच्या कपाटात केक मांडायला पुढे आली होती. पाय त्या दिवशी नाटकं करत होता, म्हणून एक हात कपाटावर टेकून ती काम करत होती. दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती. त्यांत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई होत्या. त्यांनी थोरलीकडे पाहिलं, मग आईकडे झुकून हलक्या आवाजात विचारलं, "लेकीची कंबर अजून तशीच का हो?"

थोरलीचा हात केकवर थांबला. ती वळली नाही.

"कंबर ठणठणीत आहे तिची," आई म्हणाली. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंचा आजार असतो. लागत नाही कुणाला."

रांगेत कुणीतरी पाय बदलला. बाई गोंधळल्या. "अगं बाई... मला माहीत नव्हतं. मग मी नातवाच्या वाढदिवसाचा केक सांगणार होते संध्याकाळसाठी, तो राहू दे का? तिला उगाच त्रास."

"त्रास कसला?" आईने पेन उचललं. "नाव काय लिहायचं केकवर?"